सुझानाच्या गावात उंबरे किती?

ईमेलवरच्या मंडळींनो, हे आत्ताच सांगायला हवं.

सासूबाई सध्या पुण्याहून साउथहॅम्प्टनला आल्यात. आज शेजारच्यांची मुलं सांभाळणारी सुझाना चहाला आली. "ही स्लोव्हाकियाची," मी ओळख करून दिली.

"तो देश झाला. गाव कुठलं? उंबरे किती? विचार की तिला!"

मी नाइलाजाने ट्रान्सलेट करायला लागले. एरवी येस-नोच्या पुढे न जाणारी सुझाना सुटलीच! दोन डोंगरांच्या मध्ये साठेक घरं, खाली ओढा, वर चर्च. पणजी लहान असताना राजाचं राज्य होतं, मग चेकोस्लोव्हाकिया आला, आता हा नवा देश; ओढा मात्र तोच. तरुण सगळे शहरात गेले. उरले म्हातारे आणि प्लमची झाडं.

"आमच्याकडेही हेच," सासूबाई म्हणाल्या.

निघताना सुझाना म्हणाली, "प्लम पिकले की या ना गावाला, दोघी."

दार लागल्यावर सासूबाईंनी विचारलं, "इतकी वर्षं इथे आहेस. याआधी कुणी गावाला बोलावलं होतं का गं?"

मी कप विसळत राहिले.

तुम्हाला बोलावलंय कुणी? की तुम्हीही कधी विचारलंच नाहीत?