चुड्यावरची पट्टी

सिझेरियनसाठी ऑपरेशनच्या टेबलावर बसलेल्या त्या पोरीच्या मनगटांकडे माझं लक्ष गेलं. रक्तदाब भलताच चढलेला, अंगभर सूज. त्यात ओटीभरणाचा हिरवा चुडा घट्ट बसलेला. मी थिएटरची सिस्टर. बांगड्या फोडायला पुढे झाले, तशी ती रडकुंडीला आली. "सिस्टर, आज चुडा नका हो वाढवू!"

भुलीच्या मॅडमनी बांगड्यांखाली बोट घालून पाहिलं. "जातंय बोट. राहू देत. भीतीनं दाब आणखी चढायला नको," म्हणाल्या आणि स्वतःच चुड्यावर पट्टी गुंडाळली. मग तिच्या कमरेत सुई दिली आणि उशाशी बसल्या. दाब चढू द्यायचा नाही, एकदम पडूही द्यायचा नाही. नजर मॉनिटरवर, हात तिच्या कपाळावर.

आजाऱ्याच्या उशाशी कोण बसलं होतं, हे घरातसुद्धा नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. इथेही पेढे मिळतात ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना. मॅडमना त्याचं काही नसतं. राग येतो तो मला.

संध्याकाळी वॉर्डात मी पट्टी सोडली. बाळ कुशीत झोपलेलं, आणि बांगडी एकही पिचली नव्हती.

"कुणी बांधली होती हो?" तिच्या सासूनं विचारलं.

मी ताठ उभी राहिले. "आमच्या मॅडमनी. तुमच्या सुनेला सांभाळलं, त्यांनीच."