तिसऱ्या माळेचा संचार

माझे यजमान कामरगाव-कारंजा रस्त्यावर जीप चालवतात. यंदा उन्हाळ्यात पोलिसांनी त्यांना पिऊन गाडी चालवताना धरलं. लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं, आणि दारूचं व्यसन आहे का ते सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, असा कोर्टाने आदेश दिला. मला भारी राग आला. नवरात्रात थेंबालाही न शिवणारा माणूस दारुडा कसा? इतकी वर्षं देवीची सेवा केली, त्याचं हेच फळ का, म्हणून मी तिच्यावरही रुसले. तरी येत्या शुक्रवारी यांना पोहरादेवीला नेऊन दारू सोडायची शपथ घालायची, हे मनाशी पक्कं केलं होतं.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाई एकेक प्रश्न विचारत होत्या आणि हे "कधीमधी" एवढंच म्हणत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, व्यसन असतं तर नवरात्रात दारू सुटली असती का? उलट तिसऱ्या माळेले यांच्या अंगात देवी येते. हातपाय थरथरतात, घामानं सदरा भिजते, भलतंसलतं दिसते. सारं गाव पाया पडते."

बाईंनी पेन खाली ठेवला. "एरवी कधी येते का देवी?"

कधीच येत नव्हती. त्यांनी शांतपणे सांगितलं, की रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर असंच थरथरतं. "घरी शपथ घालू नका, ताई. झटके येऊन जीव जाऊ शकते. भरती करा."

हे खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "मले वाटे, ही देवी नाही. पण लोक पाया पडत, मंग सांगू कोणाले?"

मी घाबरले. संचाराला आजार म्हणावं तर देवीचा अपमान, न म्हणावं तर माणूस हातचा जातो. शेवटी डोळे मिटून, तुझं तूच पाहा, म्हटलं आणि यांना भरती केलं. यांची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि नेमकी आजाराचीच लक्षणं सांगून बसले, हे माझ्याकडून कोणी वदवलं ते मला ठाऊक नाही. देवीने कुठून यावं, हे मात्र मी आता ठरवत नाही.

यंदाच्या तिसऱ्या माळेला बाया कुंकू घेऊन जमल्या. हे आरतीला उभे राहिले, प्रसाद वाटला, जेवले आणि आत जाऊन झोपले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "काहून वं, यंदा देवी आली नाही तुमच्या घरी?"

"आली ना, मावशी," मी म्हटलं, "यंदा लवकरच आली."

सगळ्या गेल्यावर घटापुढे बसून पोटभर रडले. मागायचं काही उरलं नव्हतं.