सुरुवातीलाच भैरवी

अनया आणि ईशान, आमच्या संगीतवर्गाचा पहिला कार्यक्रम सुरू होताच संपला, आणि तो मी संपवला. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आत्याआजी मला ‘भैरवीबाई’ का म्हणते. तिने तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. अर्धांगवायूने उजवा हात गेला आणि त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. शेवटी मी त्यांना रिक्षात घालून वर्गात नेलं. तिथे शाळकरी पोरांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे येतात. दिसत नाही असे, चालता येत नाही असे, आणि (माझ्यासारखे) सूर अजिबात न कळणारे. मालगुंडहून येणाऱ्या मास्तरांनी पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, डावीकडच्या अगदी पहिल्या पट्टीपासून, आकडे चिकटवले. वन्संनी आकडे पाहून डाव्या हाताने वाजवायचं, मी समोर बसून भाता हलवायचा. हळूहळू गणेशवंदना बसली.

"लोकांसमोर नीट झालं, तर पुढे शिकेन," वन्संनी बजावलं. "हसं झालं, तर पुन्हा उंबरा ओलांडायची नाही!"

कार्यक्रमाच्या सकाळी मी पेटी पुसली. ओल्या फडक्याने! आकडे निघून हातात आले. पण घाबरते कोण? वस्तू क्रमाने लावण्यात माझा हात धरणारं रत्नागिरीत कुणी नाही. डावीकडच्या पहिल्या दोन पट्ट्या दमट हवेने फुगून बसल्या होत्या, म्हणून त्या सोडल्या आणि तिसरीवर ‘एक’ चिकटवला. पुढचे सगळे कसे शिस्तीत, ओळीने!

वंदना सुरू झाली. वन्संची बोटं अचूक पडत होती, पण सूर रडत होते. तबल्यावरच्या मास्तरांनी डोळे वटारले.

"वहिनी, काय गो हे?" वन्सं पुटपुटल्या.

"आकडे बरोबर आहेत. तुम्ही वाजवा!"

दोन पट्ट्या पुढे सरकून वाजवलं की त्याच हसऱ्या सुरांची भैरवी होते, हे मला मागाहून कळलं. आणि भैरवी झाली की मैफल संपली, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक! श्रोत्यांनी माना डोलावल्या, एका काकूंनी डोळे पुसले आणि मंडळी चपला शोधायला उठली.

दारात चहाच्या पातेल्यापाशी तुमचे आजोबा ओरडले, "अहो, एवढ्यात कसं संपलं? दूध अजून तापतंय!"

वन्संकडे बघायचा मला धीर होईना. त्यांचे खांदे गदगदा हलत होते. रडतायत? छे, हसत होत्या!

"मास्तर, माझा गेलेला हात नडला नाही हो," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी हा जो बसवलाय ना, तो नडला!" आणि भर सभेत बोट माझ्याकडे.

मास्तरांनी फुगलेल्या दोन पट्ट्या मोकळ्या करून आकडे जागेवर लावले, आजोबांनी मंडळींना चहा देऊन परत बसवलं, आणि वन्संनी वंदना पुन्हा वाजवली. टाळ्या त्यांना मिळाल्या, टोमणे मला.

वर्ग अजून दर शनिवारी भरतो. वन्सं अजून वाजवतात. भाता दुसरं कुणीतरी हलवतं. मला टाळ दिले आहेत. मास्तरांनी खूण केली की वाजवायचे. ती खूण अजून आलेली नाही.