मानेत हिरवा पट्टा

माकणीच्या दैवशालेचं हरभऱ्याचं रान धरणाच्या पाण्याला अगदी लागून. थंडीत पाण्यावर पाखरं उतरायची आणि कोवळा हरभरा खुडायची. त्या सकाळी करड्या पाखरांचा थवा बांधापाशी चरत होता. हाकलायला म्हणून ती पुढं झाली आणि जागीच थबकली. एकाच्या मानेत हिरवा पट्टा! त्यावर पांढरी ठळक अक्षरं!

मागून नवरा, बलभीम, गोफण फिरवत आला. तिनं त्याचा हात धरला.

"थांबा वो! पट्टा बघा की मानेत. कुणाचं तरी पाळलेलं हाय."

"पाळलेलं असू दे न्हायतर सोडलेलं. हरभरा आपला हाय न्हवं?"

तोवर तिनं मोबाइलवर फोटो काढलासुद्धा. बांधावर फतकल मारून बसली, माइकची खूण दाबली आणि म्हणाली, "मानेत पट्टा असलेलं बदक."

उत्तरं धडाधड आली. कुत्र्यांचे पट्टे, बदकपालन, बदकांची पिल्लं विकणे आहे.

बलभीम पोट धरून हसला. "घे! दोन पिल्लं मागव."

दैवशाला मात्र विचारात पडली. आपण काय बघितलं ते ह्या मोबाइलला कुठं ठाऊक? आपण बोलू तेच शब्द धरून तो हुडकणार. मग नीट वर्णन करून सांगायला नको? ती पुन्हा बोलली, "धरणावर थंडीत येणारा करडा पक्षी, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या रेघा."

पडदा फोटोंनी भरून गेला. तिनं मान वर करून पाखराकडं बघितलं, मग पडद्याकडं.

"अगं बया, हेच की! पट्टकदंब म्हणत्यात ह्याला!"

नाव हाती लागल्यावर तिला कोण आवरणार? "पट्टकदंबाच्या मानेत पट्टा कशाला घालतात?" अभ्यासक घालतात, पाखरू कुठून कुठं जातं ते कळावं म्हणून. "पट्टा दिसला तर कुणाला कळवायचं?" पक्षी अभ्यासणाऱ्या एका मंडळाचा नंबर निघाला. तिनं फोटो आणि गावाचं नाव तिकडं पाठवून दिलं.

आठवडाभरानं ती भाकऱ्या थापत असताना फोन वाजला. पिठाच्या हातानंच तिनं उचलला. मंडळातली शिवरंजनी नावाची बाई बोलत होती.

"ताई, फोटोतली अक्षरं अगदी स्पष्ट आलीत. तुमचं पाखरू मंगोलियातलं आहे. तिथल्या एका तळ्यावर त्याला पट्टा घातला होता. हिमालय ओलांडून आलंय ते तुमच्या रानात!"

"हिमालय? उडून?"

"उडून!"

भाकरी तव्यावर करपली. दैवशाला अंगणात धावली. "अवो, ऐकलं का! हिमालयावरून आलंय त्ये! आपल्या हरभऱ्याला!"

बलभीमला आधी खरंच वाटेना. तिनं मोबाइलवर नकाशा काढून मंगोलिया दाखवला, मग बोट सरकवत सरकवत माकणीपर्यंत आणलं. तो कितीतरी वेळ त्या नकाशाकडं बघत राहिला.

संध्याकाळी दोघं पाण्याकडं निघाली. वाटेत शेजारची शांताक्का भेटली, तिलाही दैवशालेनं हाताला धरून ओढत नेलं. थवा काठावरच होता. बलभीम हळूच खाली बसला.

"आवाज करू नका गं," तो कुजबुजला. "दैवशाला, आता इचार त्या मोबाइलला, ही पाखरं माघारी कवा जात्यात?"