एका खुब्यासाठी राणीसावरगाव

अकोल्याहून निघालेली गाडी पूर्णेला इतकी रेंगाळली की मी दोनदा चहा घेतला आणि रेल्वेच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली. पुढच्या गाडीने गोदावरी ओलांडून गंगाखेड गाठलं, तिथून एसटीने राणीसावरगाव. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली, कापूस नुकता फुटू लागलेला.

मी लहान मुलांच्या हाडांची डॉक्टर. काही बाळांच्या मांडीचं हाड जन्मतःच खुब्याच्या वाटीत नीट बसलेलं नसतं. गुडघे वाकवून मांड्या फाकलेल्या ठेवणारे मऊ पट्टे वेळेत बांधले, तर पुष्कळदा सांधा जागेवर येतो. राहून गेलं तर मूल लंगडतं. हा उपचार खेड्यात, घरच्या घरी नीट पार पडतो का, यावर आमचं संशोधन चाललंय. म्हणून मी बाळांच्या घरी जाते.

इथलं बाळ म्हणजे आम्ही पट्टे दिलेली, चार महिन्यांची ईश्वरी. तिच्या आजी, सखूबाई, उंबऱ्यातच भेटल्या. आत ईश्वरी पाय सरळ करून जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट गुंडाळलेली, आणि पट्टे स्वच्छ धुऊन खुंटीला!

"पट्टे का काढले?" माझा आवाज चढलाच.

"पाव्हणे यायलेत ना सकाळधरनं," सखूबाई म्हणाल्या. "पोरीची जात. पट्टे बगून समदे इचारतेत, काय झालं म्हणून. उद्या नाव पडंल तिला."

फडकं सोडून मी मांड्या हळूच उघडून पाहिल्या. डावा खुबा अजून सैलच होता. वेळ गेलेली नव्हती, पण पट्टे सुटता कामा नयेत आणि तपासणी चुकता कामा नये, असं मी दटावून सांगितलं. तशी ईश्वरीची आई, सुनीता, रडायलाच लागली.

"दसरा झाला की आमी तोडीला जायलोत, मॅडम. फडात कोण बगंल हिच्याकडं? अन् तुमी तिथवर कशाला येताव?"

ऊसतोडीला जोडी लागते, शक्यतो नवरा-बायकोची. तिला इथे 'कोयता' म्हणतात. एक जण मागे राहिला की कोयता मोडला, हंगामाची कमाई गेली. समोर आलेला धपाटा (थालीपिठाचा मराठवाडी भाऊ) मी तसाच बाजूला ठेवला.

सखूबाईंनी नातीच्या पायांवरून हात फिरवला. मग त्यांनी खुंटीवरचे पट्टे काढून सुनेच्या मांडीवर ठेवले.

"तू ऱ्हा लेकरापाशी. लेकासंगं मी जाते."

"आत्याबाई, तुमचं गुडघं..."

"गुडघ्याचं बगू. मोळ्या तर बांधीन. हिला पाजायचं जमतंय का मला?"

सुनीताने पट्टे बांधायला घेतले. मी दाखवलं, तिने बांधले. सखूबाई माझ्याकडे वळल्या.

"पर डॉक्टरीणबाई, पोरगी चालंल ना नीट?"

"बहुतेक," मी म्हणाले. याहून जास्त बोलले असते तर ते खोटं झालं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पाहुण्यांना चहा टाकायला उठल्या. या वेळी पट्टे कुणी काढले नाहीत.

परतीची गाडीही उशिराच आली, पण मला तिचा राग आला नाही. आमच्या संशोधनाचं उत्तर मिळायला अजून अवकाश आहे. खात्री झाल्याशिवाय आम्ही डॉक्टर मंडळी एक ओळ छापत नाही. सखूबाई मात्र माझ्या एका 'बहुतेक'वर, दुखऱ्या गुडघ्यांनी, ऊस तोडायला निघाल्या आहेत. इतकी वर्षं तो शब्द मी सहज वापरत आले. आता मला त्याची भीती वाटते.