‘यू’ म्हणजे तू की तुम्ही?

लिफ्टवाल्याच्या घरात बोलायचं खातं त्याच्याकडे होतं आणि ऐकायचं बायकोकडे. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली तरी ही वाटणी बदलली नव्हती. त्याचा धंदाच बोलण्याचा. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं अडकली की फटीला तोंड लावून त्यांच्याशी बोलत राहायचं, त्यांना घाबरू द्यायचं नाही, आणि हात मात्र कामावर ठेवायचे. ती सवय घरीही सुटत नसे. जेवताना तो दिवसभराचं सगळं सांगायचा आणि बायको “हो का?” आणि “मग?” एवढंच म्हणायची. ती मुळातच अबोल, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. हत्यारं उकळून ठेवायची, पेशंटला खुर्चीत बसवायचं, डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली उभं राहायचं. गेल्या दोनतीन वर्षांत तिथे परदेशी पेशंट यायला लागले होते. त्यांच्या देशात दाताचं काम फार महाग, म्हणून इथं येऊन, आठवडाभर राहून, नवे दात घेऊन परत जायचे. त्यांच्याशी बोलायला बाहेरच्या टेबलावर कुणीतरी हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी हिला विचारलं. अट एकच: इंग्रजी बोलण्याची परीक्षा देऊन बऱ्यापैकी मार्क आण, टेबल तुझं.

तिनं क्लास लावला. क्लासमध्ये वाचायला शिकवत, लिहायला शिकवत, पण बोलायचं कुणाशी? मग क्लासच्या बाईंनीच प्रत्येकाला एक जोडीदार लावून दिला. रोज संध्याकाळी अर्धा तास फोन, आणि फक्त इंग्रजी. हिच्या वाट्याला आला तो दूरच्या एका शहरातला, औषधांच्या गोदामात काम करणारा माणूस. त्याची भाषा वेगळी, हिची वेगळी. इंग्रजी सोडून पळायचं म्हटलं तरी दोघांना दुसरी वाटच नव्हती. लिफ्टवाला त्याला फोनवाला म्हणायला लागला, आधी गमतीनं.

पहिले काही दिवस आतल्या खोलीतून नुसते अडखळलेले शब्द यायचे. लिफ्टवाला बाहेर टीव्ही बघत बसायचा. मग एका संध्याकाळी आतून हसण्याचा आवाज आला. साधं हसणं नव्हे, थांबता न येणारं, मध्येच श्वास घेऊन परत सुरू होणारं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. हे हसणं त्यानं यापूर्वी कधी ऐकलं होतं, ते आठवून बघितलं, आणि आठवेना.

ती बाहेर आल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, एवढं काय झालं म्हणून. ती म्हणाली, काही नाही, त्यांनी एक शब्द चुकीचा वापरला. कुठला, तर ते मराठीत सांगून कळायचं नाही. आणि ती पोळपाट-लाटणं काढायला निघून गेली.

इथून त्याच्या पोटात दुखायला सुरुवात झाली. जी बाई घरात चार शब्दांच्या वर बोलत नाही, ती फोनवर अर्धा अर्धा तास बोलते. इंग्रजी कच्चं आहे म्हणून क्लास, आणि तरी बोलणं संपत नाही. मराठी पक्कं आहे, तर तोंडाला कुलूप. त्याला हिशेबच लागेना. फोनच्या आधी ती केस विंचरते हेही त्याच्या लक्षात आलं. फोनवर चेहरा दिसत नाही, मग केस कशाला?

त्यात त्याची थोरली बहीण राहायला आली. तिनं दोन संध्याकाळी कान टवकारून ऐकलं आणि भावाला बाजूला घेतलं.

“ही त्याला सारखं यू यू काय म्हणते रे?”

“यू म्हणजे तुम्ही,” लिफ्टवाला म्हणाला.

“तूसुद्धा यूच ना?”

बहीण आगीत तेल ओतून दोन दिवसांनी आपल्या घरी गेली, आणि यू याच्यापाशी राहिला. बायको त्याला आजवर कधी अरे म्हणाली नव्हती. अहो, ऐकलंत का, आलात का, जेवलात का. लाडातसुद्धा अहोच. आणि त्या गोदामातल्या परक्या माणसाला रोज अर्धा तास यू. म्हणजे तू की तुम्ही? भाषेतच फरक नाही म्हटल्यावर पुरावा तरी कुठून आणणार?

मग नेट जायला लागलं. बरोबर फोनच्या वेळेला. मेकॅनिक माणूस, नेटच्या डब्यामागची वायर किती सैल केली की दिवा लागतो पण काम होत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. बायकोनं दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी फोन घेऊन जिन्यात जाऊन बसली. तिथे सिग्नल चांगला मिळायचा. आता तिचं हसणं सगळ्या मजल्यांना ऐकू यायला लागलं. शेजारच्या आजोबांनी लिफ्टवाल्याला थांबवून सांगितलं की सूनबाई काय छान बोलतात हो, अगदी पाण्यासारखं. त्यानं त्याच संध्याकाळी वायर घट्ट केली.

दुसरा उपाय म्हणून तो स्वतः इंग्रजी शिकायला लागला. इमारतींच्या गच्चीवर मशीनच्या खोलीत तो कानात इअरफोनची बोंडं घालून धडे ऐकायचा आणि मोटरच्या आवाजात मोठ्यानं म्हणायचा, कारण तिथे ऐकायला कुणी नसे. बोलायचं त्याला नव्हतंच, फक्त कळायला हवं होतं. महिन्याभरात आतल्या खोलीतल्या बोलण्यातले सुटे सुटे शब्द हाताला लागायला लागले. क्लिनिक. मदर. संडे. एक दिवस हजबंड आला. मग लेग. मग हॉस्पिटल. आणि पुढे बराच वेळ ती एकटीच बोलत राहिली.

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पायाची गोष्ट त्याची होती. लग्नानंतर तीनचार वर्षांनी तो लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करत असताना खालच्या कुणीतरी ती चालू केली होती आणि त्याचा पाय अडकला होता. पाय वाचला. ही गोष्ट तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगत आला होता, आणि ती कशी सांगायची हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती बायकोनं त्या फोनवाल्याला देऊन टाकली, आणि वर इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको आंघोळीला गेली असताना फोन वाजला. त्यानं उचलला.

“आय हजबंड,” तो म्हणाला.

पलीकडून एक बारीक, घाबरलेला आवाज आला, “गुड इव्हनिंग, सर.”

व्हॉट यू टॉक, त्यानं विचारलं. एक्झाम, सर. ओन्ली एक्झाम, सर, असं उत्तर आलं. लिफ्टवाल्यानं आणखी काही झणझणीत बोलायचं ठरवलं होतं, पण गच्चीवर पाठ केलेली सगळी वाक्यं रस्ता विचारण्याची आणि हॉटेलात खोली घेण्याची होती. शेवटी तो “नो टॉक” म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्या सर-सरनं त्याचा अर्धा राग गेला होता. उरलेला अर्धा त्यानं धरून ठेवला.

फोन यायचा बंद झाला. बायकोनं केला तर पलीकडून उचलला जाईना. चौथ्या दिवशी क्लासच्या बाईंकडून तिला कळलं. ती घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, आता मी कुणाशी बोलू, एवढंच विचारलं.

“माझ्याशी,” तो म्हणाला. म्हणून टाकलं आणि मग त्याचा अर्थ त्याच्या लक्षात आला.

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं प्रश्नांचे कागद आणले, त्याला वाचता यावेत म्हणून इंग्रजी प्रश्न मराठी अक्षरांत लिहून दिले आणि टेबलापाशी समोर बसली. केस विंचरून. तेव्हा त्याला कळलं की ती परीक्षेला बसल्यासारखी बसते.

त्यानं वरचा कागद उचलून वाचला. तुम्हाला चांगला लक्षात राहिलेला एखादा दिवस सांगा. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, तुमच्या अपघाताचा दिवस. तो खुर्चीत मागे रेलला. ही गोष्ट त्याला पाठ होती. शब्द कळले नाहीत तरी चाललं असतं.

पण गोष्ट लिफ्टपासून सुरूच झाली नाही. ती एका चपलांच्या दुकानापासून सुरू झाली. पांढरे बूट. नर्सिंग. मंडे. तो कपाळाला आठ्या घालून एकेक शब्द पकडत होता. ती सावकाश बोलत होती, हातांनी दाखवत होती. सोमवारपासून तिचा नर्सिंगचा कोर्स सुरू होणार होता, त्याला पांढरे बूट लागायचे, ते घेऊन ती दुकानातून बाहेर पडली तेव्हा निरोप आला. बुटांचा खोका काखेत धरूनच ती हॉस्पिटलला गेली. तो खोका त्याच्या पलंगाखाली राहिला. सोमवार आला नि गेला. मग त्याला घरी सोडायची वेळ आली, प्लास्टरचा पाय मावेल अशा पुढून उघड्या चपला हव्या होत्या. तिनं बूट दुकानात परत केले आणि त्या बदल्यात चपला आणल्या.

त्या चपला त्याला आठवत होत्या. फार आरामाच्या होत्या. बरा झाल्यावरही त्यानं त्या तळ झिजेपर्यंत वापरल्या होत्या.

कोर्स लागणार होता हे त्याला माहीत होतं का? कधीतरी ऐकलं असेल. पुढे त्याचं काय झालं, हा प्रश्न मात्र त्याला कधी पडला नव्हता.

“हे मला कधी सांगितलं नाहीस,” तो मराठीत म्हणाला.

“यू नेव्हर आस्क्ड,” ती म्हणाली.

आस्क म्हणजे विचारणं, एवढं त्याला येत होतं. यू पण येत होतं. आत्ता त्यात कुठेही अहो नव्हतं, हे त्याला स्वच्छ कळलं. ते कळायला बहिणीची गरज नव्हती. मराठीत सांग ना नीट, तो म्हणाला. तिनं मान हलवली.

“मराठीत नाही जमायचं मला. मराठीत सांगायला गेले की रडू येतं. इंग्रजीत शब्दच शोधावे लागतात, रडायला सवड मिळत नाही.”

त्यानं जे विचारू नये तेच विचारलं.

“त्याला हे माहितीये?”

“हो.”

“त्याला कशाला सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं. विचारावंच लागतं. समोरच्याला पुढचा प्रश्न विचारायलासुद्धा मार्क असतात.”

आता खरी आग लागली. इतके दिवस तो हसण्यावर जळत होता, यूवर जळत होता, ते सगळं पोरकट वाटायला लागलं. त्याच्या बायकोच्या पांढऱ्या बुटांची गोष्ट एका गोदामातल्या माणसाला त्याच्याआधी ठाऊक होती, आणि ती मिळवायला त्या माणसानं काही मोठं केलं नव्हतं. “अँड देन?” एवढंच विचारलं होतं. मार्कांसाठी.

राग काढायला माणूसच उरला नाही. तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला आणि दुसरा कागद उचलला. तिचं उत्तर संपल्यावर कागदावर नसलेला एक प्रश्न त्यानं स्वतः जोडला. चुकीचा जोडला. तिनं तो आधी नीट करून दिला, मग त्याचं उत्तर दिलं.

चार दिवस ते असे बसले. पण चौथ्या दिवशी तिनं सांगून टाकलं की तुमच्या चुका ऐकून माझं बिघडायला लागलंय. ते खरंच होतं. त्यानं तिच्याकडून नंबर घेतला आणि तिच्यासमोरच फोन लावला. सॉरी, ब्रदर, प्लीज टॉक, हे तो तीनदा म्हणाला, कारण पलीकडचा माणूस काही बोलायलाच तयार नव्हता. शेवटी तिकडून “थँक यू, सर” आलं. फोन तिच्या हातात देऊन तो बाहेर जाऊन बसला. टीव्ही लावला नाही. आत ती हसली तेव्हा त्याला जे व्हायचं ते झालंच. शहाणपण आलं म्हणून काही पोटदुखी जात नाही.

परीक्षेला तो तिला सोडायला गेला. आत परीक्षक एकटाच बसलेला असतो, दार बंद करतात, आणि तो तिला विचारतो, ती सांगते. बाहेर बाकावर बसून लिफ्टवाला त्या दाराकडे बघत राहिला. आता हा कोण नवीन, असं त्याच्या मनात आलंच.

तिला हवे होते त्याहून थोडे जास्तच मार्क मिळाले. फोनवालाही पास झाला आणि परदेशी गेला. जाताना त्यानं तिला निरोप पाठवला, त्यात सरांनाही नमस्कार होता. लिफ्टवाल्याचा जीव भांड्यात पडला, आणि मग संध्याकाळ मोकळी मोकळी वाटून तो त्यावरही चिडला.

ती टेबलावर बसायला लागल्यावर थोड्याच दिवसांत तो तिला न्यायला दवाखान्यात गेला. ती एका म्हाताऱ्या परदेशी माणसाशी बोलत होती. म्हाताऱ्याचा एक गाल सुजलेला, तरी गडी खुशीत होता. ती वाकून त्याला काहीतरी समजावत होती, मध्येच त्याच्या हातावर हात ठेवत होती, आणि दोघं हसत होते. लिफ्टवाला दारातच थांबला. ती अशी दिसते हे सगळ्या जगाला माहीत होतं, आणि आपल्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

तिनं त्याला पाहिलं आणि हात करून जवळ बोलावलं. धिस इज माय हजबंड, ती म्हणाली. म्हाताऱ्यानं सुजल्या तोंडानं त्याला लांबलचक काहीतरी विचारलं. त्यातलं एक अक्षर लिफ्टवाल्याला कळलं नाही. बायकोसमोर कमी दिसायला नको म्हणून तो ठासून म्हणाला, “येस.”

म्हातारा गाल धरून हसायला लागला. तीही.

रस्त्यानं जाताना त्यानं विचारलं, त्या म्हाताऱ्याला काय पाहिजे होतं.

“त्यांनी विचारलं, ही घरीही एवढीच बोलते का?”

ती पर्समध्ये रुमाल शोधत होती.

“मग?” तो म्हणाला. “आज कोण कोण आलं होतं?”

आणि ती सांगायला लागली. मराठीत, थांबत थांबत.