डच शेतकऱ्याची पणती

फुफी आमच्याकडे दुबईला पहिल्यांदा आली तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती. फुफी म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. लग्नानंतर वर्षभरात तिचा नवरा बहारीनला गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार थाटला. सुट्टीत गावाला यायचा तेव्हा आपल्या आईकडे उतरायचा. फुफीचा दरवाजा त्याने कधी वाजवला नाही. ती आमच्या घरात राहिली आणि आमची आई गेल्यावर भाईला आणि मला तिनेच वाढवलं.

फुफीचे डोळे घारे, अगदी राखाडीकडे झुकणारे. कोकणात घाऱ्या डोळ्यांचं कुणाला अप्रूप नसतं, पण ते बामणआळीत. आमच्या मोहल्ल्यात ती एकटीच. शाळेत एका मास्तरांनी तिला विचारलं होतं म्हणे, "तू इकडे कशी गं?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "माझ्या दादीचा बाप डच होता. आफ्रिकेत त्याचं मोठं शेत होतं." पोरं हसायची. मोठे झाल्यावर आम्हीही हसायचो. तिची दादी, म्हणजे माझी पणजी, केपटाऊनहून आली होती एवढं सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडचे पुष्कळ लोक तेव्हा तिकडे कामाला जात. पणजोबाही गेले आणि तिथून बायको घेऊन आले. पण डच बाप आणि मोठं शेत ही फुफीची आवड आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

अल कुसैसला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मी एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते, नवरा साइटवर असतो, मुलगी शाळेत. दिवसभर फुफी एकटी. दुसऱ्या आठवड्यात तिने कलिंगडाच्या साली टाकू दिल्या नाहीत. वरची हिरवी साल तासून आतल्या पांढऱ्या गराचे तुकडे केले, गावाहून आणलेल्या डबीतल्या चुन्याच्या निवळीत ते भिजवले, मग आलं घालून साखरेच्या पाकात काचेसारखे होईपर्यंत शिजवले. लहानपणी आम्ही हे खूप खाल्लं होतं. ती त्याला कोनफेट म्हणायची. मुलगी म्हणाली, "मम्मा, व्हाय आर वी ईटिंग द पील?" आणि मग तिनेच बशी संपवली.

एक बशी फुफीने समोरच्या दारात नेऊन दिली. समोर केपटाऊनची एक मुसलमान बाई राहते, शाळेत शिकवते. तोवर आमची ओळख लिफ्टमधल्या सलामापुरती. मी ऑफिसातून आले तर ती आमच्या सोफ्यावर बसलेली, रिकामी बशी मांडीवर, आणि फुफी तिच्याशी हिंदीत बोलत होती. शेजारणीला हिंदी येत नव्हतं. मला बघून ती इंग्रजीत म्हणाली, "हे माझी आई करते. चुना घालून, आलं घालून, अगदी असंच. नावही तेच. तुमच्या आत्याला कुणी शिकवलं?"

मी फुफीला विचारलं. फुफी म्हणाली, "दादीने. सांग तिला, दादी तुझ्या गावची होती. तुईफोंतेनची."

तो शब्दही आम्ही लहानपणापासून ऐकत होतो आणि तो काहीतरी दुआ वगैरे असेल असं समजत होतो. शेजारीण सरसावून बसली. "त्वेफोन्तेन? अहो, हे शेताचं नाव आहे. दोन झरे. पण या नावाची शेतं आमच्याकडे किती आहेत, विचारूच नका."

मग फुफीला आठवेल ते आम्ही विचारत गेलो. तिची दादी वारली तेव्हा फुफी बारा-तेरा वर्षांची होती, त्यामुळे आठवणी तुटक होत्या. शेताजवळ मिठाचं तळं होतं, उन्हाळ्यात आटायचं, मग बायका जाऊन मीठ गोळा करायच्या. नदी होती, तीही आटायची. गहू होता. फुफी म्हणाली, "आणि दादीची आई कपडे धुवायची. लोकांचे."

"मग शेताची मालकीण कशी?" मी म्हटलं.

"मालकीण कुठे म्हटलं मी? बाप मालक होता."

शेजारणीचा भाऊ त्या भागातल्या शेतांवर गुरांचं खाद्य पोचवतो. तिने त्याला निरोप पाठवला. आठवड्याभराने उत्तर आलं. मिठाच्या तळ्याजवळचं दोन झरे नावाचं शेत एकच आहे, मालकीण म्हातारी आहे, आणि रविवारी बोलायला तयार आहे.

भाईला मी हे उत्साहाने फोनवर सांगितलं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं गॅरेज आहे. मागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता, तरी त्याचा आवाज चढलेला कळला. त्याच्या मुलीचं तेव्हा जमत आलं होतं. मुलाकडचे रायगडचे, आता बर दुबईला स्थायिक, कापडाचं दुकान असलेले.

"आत्ताच ही भानगड कशाला?" तो म्हणाला. "धोब्याचं काम करणारी बाई आणि गोरा जमीनदार. काय निघणार ते तुला कळत नाही का? निकाह निघणार आहे का त्यातून? खलास. हा विषय बंद."

त्याची भीती खोटी नव्हती. फुफीने माझ्या हातातून फोन घेतला. "रविवारी जेवायला ये," ती त्याला म्हणाली. "कोळंबीचं भुजणं करते. कॉल झाला तर झाला."

भाई आला. इथे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लागत नाही, म्हणून मी ऑफिसच्या मीटिंगची लिंक तयार केली होती आणि टीव्हीला लॅपटॉप जोडला होता. शेजारीण भाषांतराला बसली, कारण म्हातारीला इंग्रजीपेक्षा आफ्रिकान्स सोपं जात होतं. भाई जेवणाच्या टेबलापाशीच पाठमोरा बसून राहिला.

पडद्यावर आधी आकाश दिसलं, मग शेजारणीच्या भावाचा अंगठा, मग ती बाई. फुफीच्याच वयाची असेल. उन्हाने भाजलेला चेहरा, डोक्यावर पुरुषी टोपी. तिने फुफीकडे बराच वेळ बघितलं आणि काहीतरी म्हणाली. शेजारीण हसली. "ती म्हणते, हे डोळे आमच्या घराण्यातले नाहीत. पण ते कुणाचे असतील ते मला माहीत आहे."

फुफीने पदर सावरला.

म्हातारी बोलत गेली आणि शेजारीण थांबवून थांबवून आम्हाला सांगत गेली. तो माणूस खरोखरच हॉलंडहून आलेला होता. आजूबाजूचे सगळे स्वतःला डचांचे वंशज म्हणवत, पण त्यांच्या पाच-सहा पिढ्या तिथेच गेल्या होत्या. त्यामुळे शेजारीपाजारी फक्त यालाच 'डचमन' म्हणायचे. आला तो गडी म्हणून. त्याला गाई आणि चीज यातलं कळायचं. शेताची मालकीण विधवा होती, पदरी मुलगे होते. तिने याच्याशी लग्न केलं. पुष्कळ वर्षं त्याने ते शेत राखलं, गहू लावला, वरच्या झऱ्यापासून पाट काढला. मग बायको वारली. शेत तिचं होतं, ते तिच्या मुलांकडे गेलं. सावत्र बापाला खालच्या झऱ्याजवळचा नदीकाठचा तुकडा आणि काही गाई दिल्या.

"म्हणजे शेत त्याचं नव्हतंच?" फुफीने विचारलं.

"नव्हतं," मी म्हटलं.

फुफीने आयुष्यभर ज्याचं मोठं शेत सांगितलं, तो गडीमाणूस निघाला. मला वाटलं, आता ती खट्टू होणार. ती म्हणाली, "मग? पुढे विचार ना."

खालच्या झऱ्यावर एक मुसलमान बाई आजूबाजूच्या शेतांवरचे कपडे धुवायची. तिची तिथे झोपडी होती. डचमन तुकड्यावर राहायला गेला तेव्हा त्याला वरच्या घरात खोली ठेवली होती, जेवण ठेवलं होतं, असं म्हातारीच्या घरात सांगत. पण तो खालीच राहिला. त्या बाईच्या झोपडीलाच त्याने दगडाची भिंत बांधली, अंजीर लावला. त्यांना एक मुलगी झाली. वरच्या घरी तो पुन्हा गेला नाही.

भाई आता आमच्याकडे तोंड करून बसला होता. त्यानेच विचारलं, "शादी झाली होती का, विचार."

शेजारणीने प्रश्न न विचारता स्वतःच उत्तर दिलं. "त्या काळी आमच्याकडे मुसलमानांचा निकाह सरकार मानत नव्हतं. झाला असला तरी कुठे नोंद नसणार. म्हणून तर मुलीला काही मिळालं नसेल." तरी तिने म्हातारीला विचारलं. म्हातारीने खांदे उडवले. मला माहीत नाही, म्हणाली. माझी आजी त्या बाईला डचमनची बायको म्हणायची, एवढं ऐकलंय.

"मग झालं," फुफी म्हणाली.

शेजारणीच्या भावाने फोन हातात घेऊन उतारावर चालायला सुरुवात केली. कापणी झालेल्या गव्हाची पिवळी खुंटं, मग तारेचं कुंपण, मग नदी, म्हणजे नुसती वाळू. एका जागी दगडांचा ढीग आणि वाकडं, रुंद पसरलेलं अंजिराचं झाड. फुफी उठून टीव्हीच्या इतकी जवळ गेली की आम्हाला काही दिसेना. मुलगी म्हणाली, "फुफी, यू आर ब्लॉकिंग," आणि मी तिला गप्प केलं.

म्हातारीचा आवाज मागून येत होता. डचमन गेल्यावर तुकडा परत वरच्या शेतात घेतला गेला. मायलेकी बैलगाडीत बसून शहराकडे गेल्या. ते घर माझ्या पणजोबांनी पाडलं, ती म्हणाली. डचमनचा सावत्र मुलगा तो.

फुफी पडद्याजवळून म्हणाली, "तिला सांग, तू कुठे पाडलंस? तू तर अजून सावलीला झाड ठेवलंस."

ते ऐकून म्हातारीने टोपी काढून परत घातली. मग म्हणाली, नदीकाठच्या त्या तुकड्याला आम्ही आजही डचमनचा तुकडाच म्हणतो.

फुफीने शेवटी विचारलं की त्याला पुरलं कुठे. वर, घराण्याच्या दफनभूमीत, पांढऱ्या भिंतीच्या आत, पहिल्या बायकोशेजारी. सावत्र मुलांनी वर आणून पुरला. दादीच्या आईची कबर कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "वर नेला म्हणजे," फुफी पुटपुटली. ते तिला आवडलं नाही. दिवसभर ती त्यावर मधूनमधून मान हलवत राहिली.

कॉल बंद व्हायच्या आधी भाई पुढे आला आणि म्हणाला, तुमच्या मागे उभा होता तो ट्रॅक्टर चालतो का? जुना, लाल? म्हातारीचा चेहरा उजळला. दोघं दहा मिनिटं त्या ट्रॅक्टरच्या पंपावर बोलले. शेजारणीला अर्धे शब्द माहीत नव्हते, तरी त्यांचं भागत होतं.

संध्याकाळी चहा घेताना फुफी मला म्हणाली, "बाय, शेत नव्हतं ते बरंच झालं."

"का गं?"

"शेतवाला असता तर म्हटलं असतं, बाईला घरी आणलीन. हा तर तिच्या घरी राहायला गेला." मी तिच्या नवऱ्याचा विचार करत होते. तीही करत असावी. पण तो विषय आमच्यात कधी निघत नसे, त्या दिवशीही निघाला नाही.

मुलाकडच्यांना काय सांगायचं हा भाईचा प्रश्न राहिलाच होता. पुढच्या महिन्यात बोलणी पक्की करायला ते शारजाला जेवायला आले. मी बिर्याणी वाढत असताना मुलाची आई फुफीला सहज म्हणाली, "तुमचे डोळे किती सुरेख आहेत. कुणावर गेलात?" माझ्या हातातला डाव थांबला. मी भाईकडे बघितलं. त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "आमच्या खापरपणजोबांवर. डच होते ते. केपकडे एका शेतावर गडी होते. आणि खापरपणजी कपडे धुवायच्या." एका दमात म्हणाला, जणू उशीर केला तर बोलता येणार नाही.

मुलाच्या आईने नवऱ्याकडे बघितलं. नवरा हसायला लागला. "आमच्याकडे एक झांझिबारची आहे," तो म्हणाला. "माझ्या आईची आजी. आमच्या घरात कुणी तिचं नाव घेत नाही, पण ओठ सगळ्यांना तिचे मिळालेत." मग त्याच्या बायकोने त्याच्या हातावर चापट मारली, आणि मग बराच वेळ आमच्याकडे झांझिबारचीच गोष्ट चालली. डचमनची त्यापुढे फिकी पडली, याचं फुफीला थोडं वाईट वाटलं असावं. लग्न ठरलं. ते डोळ्यांमुळे अडलं नाही आणि त्यांच्यामुळे ठरलंही नाही.

उन्हाळा सुरू झाला तशी फुफीच्या व्हिसाची मुदत संपत आली. भाई म्हणाला, वाढवून घेतो, पण ती ऐकेना. गावाला आंबे उतरवायचे होते. जायच्या आदल्या दिवशी तिने मला शेतावरच्या म्हातारीला परत फोन लावायला सांगितलं. समोरची शेजारीण आली आणि हात पुसत बसली.

"काय विचारू?" ती म्हणाली.

"पेरणी झाली का विचार."

झाली होती. वर गहू टाकला होता. डचमनच्या तुकड्यात या वर्षी काही पेरलं नव्हतं, मेंढ्या सोडल्या होत्या. मेंढ्या अंजिराच्या खाली जाऊन बसतात, उठतच नाहीत, अशी म्हातारीची तक्रार होती. फुफीने ती पूर्ण ऐकून घेतली, मध्ये दोनदा "हो का" म्हटलं. फोन बंद झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

"बाय, ती बॅग परत एकदा वजन कर. भाईने त्यात खजूर कोंबलेत."